काट्यावरचा जुना प्रोग्राम आणि नवा कर्नल: सवलत कुठे द्यायची, कुठे नाही

जालन्याचा सळई कारखाना असो, लातूरची डाळ मिल असो की वाळूजचं वर्कशॉप, वजनकाट्याच्या पीसीवर बरेचदा दहा-बारा वर्षांपूर्वीचाच प्रोग्राम चालू असतो आणि तो लिहून देणारा आता सापडत नाही. पीसी बदलायची वेळ आली की तीन मार्ग उरतात: जुनंच लिनक्स (पीसीची ऑपरेटिंग सिस्टीम) ठेवायचं, नवं टाकून संरक्षण बंद करायचं, किंवा नवं टाकून नेमकी एक सवलत द्यायची, म्हणजे जुना प्रोग्राम चालण्यापुरतं एकच संरक्षण सैल करायचं. आमचा कौल तिसऱ्याला.

सेंटओएस 6 या जुन्या लिनक्सचे अपडेट नोव्हेंबर 2020 मध्ये थांबले. पीसीला नेट नाही, पेनड्राइव्हही लागत नाही, एवढं पक्कं असेल तर ते चालवा. त्याच पीसीवरून ई-वे बिल निघत असेल तर अजिबात नको.

‘मिटिगेशन्स=ऑफ’ हा पर्याय कर्नल (लिनक्सचा गाभा) 5.2 पासून आहे आणि ऐकीव सल्ल्यावरून सर्रास टाकला जातो. त्याने मेल्टडाउन, स्पेक्टर अशा प्रोसेसरच्या उणिवांवरचे उपाय निघतात, वेग थोडा वाढू शकतो. पण बंद पडलेला प्रोग्राम त्याने सुरू होत नाही, कारण अडचण तिथे नसतेच.

अडचण बहुतेकदा व्हीसिसकॉल या कर्नलच्या जुन्या सोयीची असते. जुनी जीलिबसी, म्हणजे प्रोग्राम वापरतात ती मूळ लायब्ररी (2.14 च्या आधीची. सेंटओएस 6 मध्ये 2.12 आहे) वेळ विचारायला मेमरीतल्या एका ठरलेल्या पत्त्यावर उडी मारते. पत्ता प्रत्येक मशीनवर तोच, म्हणून हल्लेखोरालाही आयता सापडतो. डेबियन या लिनक्सने आवृत्ती 9 पासून ही सोय बंद ठेवली. मग 64-बिट जुना प्रोग्राम सुरू होताच ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ देतो, कंटेनरमध्ये (प्रोग्रामच्या वेगळ्या कप्प्यात) असेल तर 139 कोड देऊन मरतो. डीमेसेग (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) पाहा: व्हीसिसकॉलची तक्रार आणि 600400 ने संपणारा पत्ता दिसला तर निदान झालं.

उपाय एका शब्दाचा. ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) डिफॉल्ट फाइलमध्ये कर्नलच्या ओळीत ‘व्हीसिसकॉल=एक्सओन्ली’ जोडा, अपडेट-ग्रब चालवा, रीबूट करा. यात त्या ठरलेल्या पत्त्याचं पान (मेमरीचा तुकडा) वाचता येत नाही. तिथली उडी कर्नल पकडतो आणि काम स्वतः करून देतो. ‘एम्युलेट’ या दुसऱ्या पर्यायात पान वाचताही येतं, म्हणून एक्सओन्लीने भागत असेल तर तिकडे जाऊ नका.

प्रोग्राम 32-बिट असेल (‘फाइल’ कमांड लगेच सांगते) तर व्हीसिसकॉलचा संबंधच नाही. कर्नल 6.7 पासून 32-बिटची सोय बूटवेळी चालू-बंद करता येते, तेवढी चालू आहे ना ते बघा.

डॉसच्या प्रोग्रामसाठी ‘एममॅप मिन अॅड्रेस’ (प्रोग्रामला वापरता येणारा मेमरीचा सर्वांत खालचा पत्ता) शून्य करा असा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. कर्नलमधल्या शून्य-पॉइंटरच्या (चुकून शून्य पत्ता वापरण्याच्या) चुकांचा गैरफायदा घेणं त्याने पुन्हा सोपं होतं, आणि तेही पूर्ण मशीनसाठी. डॉसचे प्रोग्राम चालवणाऱ्या डॉसबॉक्सला याची गरज नाही.

काटा जोडायच्या सिरियल कार्डाचा ड्रायव्हर ‘सही नाही’ म्हणून अडला तर सिक्युअर बूट (सही तपासणारं संरक्षण) बंद करू नका. डीकेएमएसची (ड्रायव्हर बांधून देणाऱ्या साधनाची) सहीची चावी मोकयुटिल कमांडने नोंदवा. रीबूटनंतरच्या निळ्या पडद्यावर पासवर्ड टाकून ती मंजूर करायची राहिली, तर ड्रायव्हर तसाच अडून राहतो.

एकाहून जास्त सवलती लागायला लागल्या, तर यजमान मशीन सैल करणं थांबवा. केव्हीएममध्ये (पीसीच्या आतल्या आभासी पीसीत) अख्खं सेंटओएस 6 बसवा, त्याला नेटवर्क कार्ड देऊ नका, फक्त काट्याचा सिरियल पोर्ट आत जोडा. व्हीसिसकॉल आतला जुना कर्नलच पुरवतो, बाहेरचा कर्नल कडकच राहतो.