वरून तांबं, आत ॲल्युमिनियम: स्पीकरच्या केबलमध्ये झालेली फसवणूक

नवीन घरात हॉलचं काम चाललं होतं. बाबांचा जुना ॲम्प्लिफायर टीव्हीखाली आणि दोन्ही स्पीकर समोरच्या भिंतीला, असं ठरलं होतं. केबल भिंतीतल्या पाइपमधून जाणार होती. डाव्या स्पीकरसाठी १६ मीटर, उजव्यासाठी १२. प्लास्टर झाल्यावर पुन्हा भिंत फोडायची नाही, म्हणून चांगलीच केबल घ्यायची, या हेतूनेच मी पुण्यात तपकीर गल्लीच्या भागातल्या एका दुकानात गेलो.

दुकानदाराने पारदर्शक आवरणाची जाडजूड केबल दाखवली. आतल्या तारा तांबूस, लखलखीत. आवरणावर ‘ओएफसी २ × २.५’ छापलेलं. ओएफसी म्हणजे ऑक्सिजन काढलेलं शुद्ध तांबं आणि २ × २.५ म्हणजे २.५ चौरस मिलिमीटर जाडीचे दोन पदर, एवढं मला ठाऊक होतं. मीटरला १६० रुपये सांगितले. स्वस्त असती तर कदाचित शंका आली असती. ‘दादा, डोळे झाकून न्या, दहा वर्षं बघायला नको,’ असं म्हणत त्याने ३० मीटर कापली आणि केबलच्या टोकांना लावायचे सोनेरी बनाना प्लगही गळ्यात मारले. बिल मागितलं तर चिठ्ठीवर ‘केबल ३० मी.’ एवढंच लिहून दिलं. मी ते घेतलं, ही माझी पहिली चूक.

पाच-सहा महिन्यांनी डावा स्पीकर खरखरायला लागला. बाबांच्या ख्यालाच्या रेकॉर्डी लावल्या की त्या बाजूचा तंबोरा मधेच विझायचा. प्लग हलवला की परत यायचा. मला वाटलं, रेकॉर्डच झिजली असेल. एके संध्याकाळी प्लग असाच हलवताना फट् आवाज झाला आणि ती बाजू कायमची बंद पडली.

दुरुस्तीवाल्या काकांनी ॲम्प्लिफायर उघडण्याआधी केबलचं टोक मागितलं. प्लगच्या स्क्रूखाली काही तारा तुटल्या होत्या आणि त्यातली एक बाहेर येऊन शेजारच्या टर्मिनलला टेकली होती. त्या शॉर्टने आउटपुटचे ट्रान्झिस्टर गेले. काकांनी एक तार ब्लेडने हलकेच खरवडली. आतून पांढरी. ‘हे तांबं नाही, ॲल्युमिनियम आहे. वर नुसता मुलामा.’

या तारेला बाजारात सीसीए, म्हणजे ‘कॉपर-क्लॅड ॲल्युमिनियम’ म्हणतात. ती बनवणं गुन्हा नाही. ती तांबं म्हणून विकणं ही फसवणूक. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. पण खरी हानी टोकाशी होते. ॲल्युमिनियम मऊ असतं, स्क्रूखाली दबत जातं, सांधा सैल पडतो. उघड्या पडलेल्या भागावर हवेने लगेच ऑक्साइडचा थर चढतो, त्यातून वीज नीट जात नाही. वाकवल्यावर तारही तांब्यापेक्षा लवकर तुटते.

घरी उरलेल्या २ मीटरपैकी एक मीटर मी पूर्ण सोलली आणि दोन्ही पदरांच्या तारा सोनाराच्या काट्यावर ठेवल्या. २.५ चौरस मिलिमीटरच्या दोन पदरांत मीटरला साधारण ४५ ग्रॅम तांबं हवं. काटा १२ ग्रॅमवर थांबला. इतक्या जाडीचं सीसीए असतं तरी १६ ग्रॅमच्या आसपास भरलं असतं. म्हणजे धातूतही चोरी आणि जाडीतही. जाड दिसत होतं ते प्लास्टिक. काकांनी डाव्या बाजूचा जाण्या-येण्याचा रोध मोजला तो जवळजवळ अर्धा ओहम. खऱ्या तांब्यात तो पाव ओहमच्या आत असता. ८ ओहमच्या स्पीकरला केबलचा रोध ५ टक्क्यांच्या, म्हणजे ०.४ ओहमच्या आत ठेवावा, असा ढोबळ नियम आहे.

म्हणून कळकळीने सांगतो, केबल भिंतीत जाण्याआधी तपासा. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडून बघा. तांबं आरपार लाल दिसतं. काही चांगल्या केबलींना कथलाची कल्हई असते. त्या वरून पांढऱ्या आणि आत लाल असतात, त्यांना घाबरू नका. दुकानाबाहेर येऊन एक बारीक तार लायटरच्या ज्योतीत धरा. तांबं लाल होतं, पण आकार सोडत नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळतं, ती तार लोंबते किंवा तिचा गोळा होतो. आणि पक्क्या बिलावर ‘शुद्ध तांबे’ असं लिहून घ्या. लिहायला काचकूच केली तर तिथून निघा.

मी शेवटी घराच्या वायरिंगचीच आयएसआय खुणेची २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणली, लाल आणि काळी पीळ देऊन. जुनी केबल ओढतानाच तिच्या टोकाला बांधून ही आत घेतली, त्यामुळे भिंत वाचली. स्पीकरला यापेक्षा महागडं काही लागत नाही, हे मला आधी कोणी सांगायला हवं होतं. तंबोरा आता अखंड वाजतो.

ॲम्प्लिफायरच्या दुरुस्तीचे ४,२०० रुपये गेले. खरवडलेली तार घेऊन मी दुकानात गेलो, तर ‘ही आमच्याकडचीच कशावरून?’ हा एकच प्रश्न. चिठ्ठीवर ना दुकानाचं नाव, ना केबल कसली ते. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला, तिथेही पहिल्यांदा बिलच विचारलं. त्या दिवशी दुकानदाराशी बोलत असताना त्याच्या मागे तेच बंडल टांगलेलं होतं, आणि एक मुलगा मीटर मोजून कोणाला तरी कापून देत होता.