बोअरचं जड पाणी: सॉफ्टनर, आरओ, कंडिशनर की नुसती साफसफाई?

नागपुरात घरी कुठलं पाणी येतं, यावरच निम्मा निर्णय ठरतो. पेंच आणि कन्हान नद्यांचं शुद्ध केलेलं नळाचं पाणी पुरेसं मिळत असेल, तर सॉफ्टनरवर पैसे घालवायची बहुतेक घरांना गरज नाही. प्रश्न आहे तो बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वरसारख्या भागांत बोअरवर किंवा टँकरवर चालणाऱ्या घरांचा. शहराच्या पश्चिमेला बेसाल्टचा काळा दगड आहे, पूर्वेला त्याहून कितीतरी जुना ग्नाइस हा पट्टेदार खडक, आणि परिसरात अधूनमधून लॅमेटा नावाच्या खडकांतले चुनखडीचे थर. पावसाचं पाणी मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली जातं. तेच बोअरमधून वर येतं. म्हणून शेजाऱ्याच्या बोअरचा आकडा तुमच्या कामाचा नाही. खोली बदलली की पाणीही बदलतं.

काहीही विकत घ्यायच्या आधी जडपणा, म्हणजे पाण्यातलं हे कॅल्शियम-मॅग्नेशियम, मोजून घ्या. टीडीएस नव्हे, जडपणा. टीडीएसचं पेनासारखं मीटर पाण्यातले सगळे क्षार एकत्र मोजतं. त्यात मीठ किती आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम किती, हे ते सांगू शकत नाही. घरी येणारे काही विक्रेते ग्लासात विजेच्या कांड्या बुडवून पाणी तपकिरी-हिरवं करून दाखवतात. तो रंग मुख्यतः कांड्यांच्या लोखंडाचा असतो, त्याला घाबरून सही करू नका. थेंब टाकून रंग बदलेपर्यंत मोजायचं साधं किट मिळतं, किंवा बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत द्या आणि ‘एकूण जडपणा’ व ‘लोह’ हे दोन्ही आकडे मागा. भारतीय मानक आयएस 10500 नुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतो. जागतिक आरोग्य संघटनेनं जडपणावर आरोग्याच्या कारणावरून मर्यादा घातलेली नाही. त्रास होतो तो गिझर, नळ, केस, साबण आणि न शिजणाऱ्या तुरीच्या डाळीला.

जडपणा खरोखर काढून टाकणारं घरगुती यंत्र म्हणजे मिठावर चालणारा सॉफ्टनर. त्यातल्या रेझिनचे बारीक मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्यानं धुऊन ते पुन्हा कामाला लागतात. विक्रेता टाकीचा आकार सांगतो, पण हिशेब तुम्हीच करा. एक लिटर रेझिन साधारण 50 ग्रॅम जडपणा धरतं, म्हणजे 25 लिटर रेझिन साडेबाराशे ग्रॅम. पाण्याचा जडपणा लिटरला 500 मिलिग्रॅम असेल, तर दोन धुण्यांच्या मधे सुमारे 2500 लिटर मऊ पाणी मिळेल. माणशी 135 लिटर धरले तर चौघांच्या घराला दिवसाला 540 लिटर लागतात. पाचव्या दिवशी सॉफ्टनर धुवायला येतो आणि प्रत्येक वेळी तीन-चार किलो मीठ लागतं. हेच यंत्र फक्त बाथरूम, गिझर आणि वॉशिंग मशीनच्या लाइनवर बसवलं तर मीठही निम्म्यावर येतं आणि धुण्याची कटकटही. माझं ठाम मत या दुसऱ्या मांडणीच्या बाजूनं आहे. संडासाच्या फ्लशला, अंगण धुवायला मऊ पाणी कशाला?

सॉफ्टनरची दुसरी बाजूही पाहा. टीडीएस त्यानं कमी होत नाही. दर 100 मिलिग्रॅम जडपणामागे पाण्यात 46 मिलिग्रॅम सोडियम वाढतं. 500 चं पाणी मऊ केलं की लिटरला 230 मिलिग्रॅम सोडियम. घरात रक्तदाबाचं माणूस असेल तर स्वयंपाकाचा आणि पिण्याचा नळ या लाइनवर घेऊ नका. झाडांनाही ते पाणी नको, आणि धुण्यातून निघालेलं खारट पाणी तर अंगणातल्या संत्र्याच्या आसपासही जायला नको. बोअरमध्ये लोह असेल तर रेझिन लवकर खराब होतं. तिथं आधी लोह काढणारा फिल्टर लागतो. त्यासाठीच वर लोहाचा आकडा मागा म्हटलं.

आरओ ही सॉफ्टनरची पर्यायी वस्तू नाही, दोघांची कामं वेगळी. आरओ जवळजवळ सगळेच क्षार काढतो, पण थेंबाथेंबानं, आणि बरंच पाणी बाहेर टाकून. तो स्वयंपाकघरात शोभतो. क्षार जास्त असलेल्या बोअरवर पिण्यासाठी तो घ्याच. आंघोळीच्या पाण्यासाठी त्याचा विचारही करू नका. डाळ याच पाण्यात शिजवली तर मऊ शिजते. बाहेर पडणारं पाणी बादलीत धरून लादी पुसायला वापरता येतं.

पाइपला बाहेरून लावायचे चुंबकाचे आणि इलेक्ट्रॉनिक कंडिशनर जडपणा कमी करत नाहीत. विक्रेत्यांचा दावा असा की क्षार चिकटत नाहीत. प्रयोगांचे निकाल एकसारखे आलेले नाहीत, आणि तुमच्या घरी चाललं की नाही हे पैसे दिल्यावरच कळणार. मी घेऊ नका असंच सांगेन. क्षारांचा थर सहजी बसू न देणाऱ्या पॉलिफॉस्फेटचे खडे भरलेली छोटी कार्ट्रिज मात्र वॉशिंग मशीनच्या किंवा गिझरच्या तोंडाशी लावायला ठीक आहे. भाड्याच्या घरात, जिथं पाइपलाइनला हात लावता येत नाही, तिथं तीच सोयीची. खडे वेळच्या वेळी बदलले पाहिजेत एवढंच.

नळाला किंवा शॉवरला लावायच्या ‘हार्ड वॉटर फिल्टर’वर मात्र लोकांचे पैसे सर्वांत जास्त वाया जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. केस गळतात म्हणून मुली हौसेनं घेतात. समजा आत पाव लिटर रेझिन आहे. ते धरणार साडेबारा ग्रॅम. 500 च्या पाण्यात तेवढं संपायला 25 लिटर पुरे, म्हणजे दीड बादली! त्यानंतर तो फिल्टर गाळ आणि थोडं क्लोरीन अडवेल, जडपणा नाही. तुरटीचंही तसंच: पाणी नितळतं, मऊ होत नाही. उकळून काही जडपणा भांड्याच्या बुडाला बसतो, पण सगळा नाही.

आता कूलर, कारण इथल्या एप्रिल-मेमध्ये त्याच्यावरच घर चालतं. 500 जडपणाचं पाणी दिवसाला 100 लिटर उडालं, तर 50 ग्रॅम क्षार मागे राहतात. दोन महिन्यांत तीन किलो. ताट्या दगडासारख्या होतात, पंपाची तोटी बुजते. सॉफ्टनरच्या पाण्यानं पांढरा दगड धरणार नाही, पण सोडियमचे क्षार राहतीलच आणि पत्र्याची टाकी गंजेल. त्यापेक्षा नळाचं पाणी मिळत असेल तर ते आधी कूलरला द्या. ते नसेल तर आठवड्यातून निदान एकदा टाकी पूर्ण रिकामी करून पुन्हा भरा. साचलेले क्षारही जातात आणि डेंग्यूच्या डासांच्या अळ्याही.

जडपणा 300 च्या आत असेल तर यंत्र न घेता साफसफाईवर भागतं. गिझरचा काटा 60 अंशांच्या वर नेऊ नका, कारण पाणी जितकं तापेल तितका थर जास्त बसतो. वर्षातून एकदा मेकॅनिककडून कॉइल साफ करून घ्या आणि त्याच वेळी टाकीला गंजण्यापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉड किती झिजलाय ते बघायला सांगा. शॉवर आणि नळाच्या जाळ्या काढून लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक अॅसिड घालून तासभर ठेवा, मग जुन्या ब्रशनं घासा. लिंबाची फोड घासूनही नळ उजळतो. मात्र कोटा, कडप्पा आणि संगमरवर हे मुळात चुन्याचेच दगड. त्यांच्यावर सायट्रिक, व्हिनेगर, लिंबू, काहीच सांडू देऊ नका, चकाकी जाते. टॉयलेटचं अॅसिड नळांना लावलं तर निकेल-क्रोमचा मुलामा खातं, आणि ते ब्लीचिंग पावडरजवळही नेऊ नका, दोन्ही मिळून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो.