गॅलेक्सी ए५४ नंतर ए५५ : मागाच्या खोलीतले अकरा महिने

बेळगावच्या शहापुरात आमच्या घराला लागूनच सहा यंत्रमाग आहेत. मामंजी आणि भाऊजी माग बघतात, यजमान सूत आणि जर आणायला फिरतात, आणि गिऱ्हाईक माझ्याकडं. गिऱ्हाईक म्हणजे कोल्हापूर, सांगली, निपाणी, खानापूर इथले छोटे दुकानदार आणि घरून साड्या विकणाऱ्या बायका. त्यांच्याशी सगळा व्यवहार व्हॉट्सअॅपवर. मागावरून साडी उतरली की घडी उलगडायची, काठ, पदर, बुट्टी यांचे फोटो काढून पाठवायचे, पसंती आली की पार्सल करायचं. दिवसाला शंभरेक फोटो सहज होतात. म्हणून फोन घेताना मी फार विचार करते, आणि घेतल्यावर काय अनुभव आला ते नीट लिहावं असं कधीपासून मनात होतं.

२०२३ च्या पावसाळ्यात मी सॅमसंगचा गॅलेक्सी ए५४ घेतला. २०२४ च्या दिवाळीनंतर भाऊजींना फोन हवा होता, तेव्हा तो त्यांना दिला आणि मी त्याच्या पुढचा ए५५ घेतला. त्याला आता अकरा महिने झाले. दोन्ही फोन एकाच घरात, एकाच मागाच्या खोलीत असल्यामुळं शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. दुकानात पाच मिनिटं हातात धरून जे कळत नाही ते असं कळतं.

आधी मुद्द्याचं सांगते. ज्यांचा ए५४ चांगला चालतोय त्यांनी ए५५ साठी पैसे घालू नयेत. ज्यांचा फोन चार-पाच वर्षांचा झालाय आणि या दोघांतला एक घ्यायचा आहे, त्यांनी ए५५ घ्यावा. कॅमेऱ्यात फरक थोडा आहे. खरा फरक फोनच्या अंगात आहे.

ए५४ ची कड प्लॅस्टिकची, ए५५ ची अॅल्युमिनियमची. काच गोरिला ग्लास ५ होती, ती आता त्याहून मजबूत व्हिक्टस प्लस झाली. हे कागदावर वाचताना मला काही विशेष वाटलं नव्हतं. पण आमच्या खोलीत जिकडं तिकडं लोखंड आहे. मार्च महिन्यात साडीची घडी घालताना फोन हातातून सुटला आणि मागाच्या लोखंडी पायावर कडेनं आपटला. खाली वाकून उचलेपर्यंत माझ्या पोटात गोळा आला होता. कडेला टिकलीएवढा पोचा, बाकी काच शाबूत. तो पोचा अजून बोटाला लागतो आणि प्रत्येक वेळी बरं वाटतं.

याची किंमत वजनात मोजावी लागते. ए५४ चं वजन २०२ ग्रॅम, ए५५ चं २१३. अकरा ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण एका हातात पदर धरून दुसऱ्या हातानं फोटो काढायचे तर संध्याकाळी मनगटाला समजतं. पडदाही ६.४ इंचाचा ६.६ झाला. पदराचा फोटो मोठा दिसतो हे छान, मात्र माझा हात लहान आहे, वरच्या कोपऱ्यात अंगठा पोचत नाही. ज्या बायका एका हातानं फोन वापरतात त्यांनी घेण्याआधी हातात धरून बघावाच.

दोन्ही फोन आयपी६७ दर्जाचे आहेत, म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास टिकावा अशी रचना. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, जूनमध्ये बसला की गणपतीपर्यंत उसंत नाही. पार्सल द्यायला भिजत जाताना फोनची काळजी वाटत नाही. बोट ओलं असलं की पडद्याखालचा ठशाचा सेन्सर मात्र नीट वाचत नाही. तो बोटाचं चित्र उजेडानं टिपतो, पाण्याचा थर मध्ये आला की चित्र बिघडतं. दोन्ही फोनांत सेन्सर तसलाच आहे. पावसाळ्यात मी सरळ पिन टाकते.

धुळीपेक्षा आमच्याकडं मोठी गोष्ट म्हणजे सुताचा कापूस. माग चालू असला की बारीक कापूस हवेत तरंगत असतो, केसांवर, भिंतीवर, सगळीकडं बसतो. ए५४ माझ्याकडं होता तेव्हा एकदा चार्जिंगची वायर सैल बसायला लागली. बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्यानं बघितलं न बघितलं आणि पोर्ट बदलावा लागेल म्हणून सांगितलं. मी पैसे काढायच्या बेतात होते. भाऊजी म्हणाले, "वहिनी, थांबा जरा." त्यांनी फोन बंद केला, लाकडी टूथपिक घेतली आणि पोर्टच्या तळातून हळूहळू उकरत आणलं. तांदळाच्या दाण्याएवढा, नमद्यासारखा घट्ट दाबलेला कापूस निघाला. त्या महिन्यात मागावर राणी रंगाचं सूत होतं, त्याची गुलाबी छटासुद्धा त्यात दिसत होती. वायर टक् करून बसली. तेव्हापासून दर महिन्याला दोन्ही फोनांची अशी सफाई होते. पिठाची गिरणी, शिलाई, सुतारकाम असलं काम ज्यांचं आहे त्यांनीही हे करावं. धातूची पिन तेवढी घालू नका, आतले टोक खरवडतात.

आता रंगाचं. याच्यावर मी सगळ्यात जास्त दिवस घालवले आहेत.

दोन्ही फोनांत मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा, हात हलला तरी चित्र सांभाळणारी ओआयएस सोय असलेला. जोडीला १२ मेगापिक्सेलचा रुंद आणि अगदी जवळचं टिपणारा ५ मेगापिक्सेलचा मॅक्रो. दिवसाउजेडी, अंगणात, एकाच साडीचे दोन्ही फोनांनी फोटो काढून मी आत्तींना दाखवले, त्यांना कुठला कुठल्या फोनचा ते ओळखता आलं नाही. मलाही नाव झाकलं तर येणार नाही. संध्याकाळी, मागाच्या खोलीतल्या कमी उजेडात, ए५५ चा फोटो स्वच्छ येतो. काळ्या काठात कमी उजेडामुळं उठणारे बारीक ठिपके कमी दिसतात, जरीची चकाकी पांढरी फटक होत नाही. फरक आहे, पण शेजारी ठेवल्यावर कळणारा.

खरी अडचण दोन्ही फोनांच्या पलीकडची निघाली. ए५४ वापरत असताना कोल्हापूरच्या एका ताईंना मी जांभळ्या साडीचा फोटो पाठवला होता. साडी पोचली आणि त्यांचा फोन आला, "वहिनी, साडी चांगली आहे हो, पण मी निळी बघून मागवली होती." मी तोच पाठवलेला फोटो उघडून आत्तींपुढं धरला. त्या म्हणाल्या, "ही कुठली जांभळी? ही निळीच की!" साडी परत आली, जायचं यायचं भाडं आमच्या अंगावर. यात फोनचा दोष नव्हता. ट्यूबलाइटच्या पांढऱ्या-निळ्या उजेडात तांबड्याचा अंश कमी असतो, आणि जांभळ्याचं जांभळेपण त्या तांबड्यावरच तर असतं. कुठल्याही कॅमेऱ्यात तो रंग निळ्याकडं झुकतो. ए५५ घेतल्यावर मला वाटलं हे आपोआप सुटेल. सुटलं नाही, आणि नवीन फोन घेतल्यानं सुटणारही नव्हतं.

सुटलं ते असं. कॅमेऱ्यात 'प्रो' मोड आहे, दोन्ही फोनांत. त्यात व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांचा तोल, आपल्या हातानं केल्व्हिनमध्ये (उजेडाच्या रंगाचं माप) ठरवता येतो. सकाळी दारातल्या उजेडात मी तो ५५०० च्या आसपास ठेवते आणि साडीशेजारी एक पांढरं कोरं कापड धरते. कापड पडद्यावर पांढरं दिसलं की साडीचा रंग खरा. कापड निळसर दिसलं तर आकडा वाढवायचा, पिवळट दिसलं तर कमी करायचा. संध्याकाळसाठी भिंतीवर एक एलईडी बल्ब लावला आहे, ज्याचा सीआरआय ९० च्या वर आहे. सीआरआय म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप, खोक्यावर लिहिलेलं असतं. त्या एका बल्बनं जेवढा फरक पडला तेवढा फोन बदलून पडला नाही.

दुसरी गोष्ट पडद्याची. हे पडदे रंग भडक दाखवतात, बघायला गोड वाटतं, पण विकणाऱ्याला ते नको असतं. सेटिंगमध्ये डिस्प्लेखाली स्क्रीन मोडला गेलात की 'नॅचरल' असा पर्याय आहे, तो घ्या. सुरुवातीला फिकं वाटेल, दोन दिवसांत डोळ्याला सवय होते. गिऱ्हाईकाच्या फोनवर काय दिसेल ते आपल्या हातात नसतं, निदान आपण तरी खरं बघून पाठवावं. व्हॉट्सअॅपवर पाठवताना एचडी निवडा, नाहीतर काठाची बारीक वीण पुसून जाते.

मॅक्रो कॅमेऱ्याबद्दल पुष्कळजण म्हणतात की तो नावालाच असतो. मला तसं वाटत नाही. तीन-चार सेंटिमीटरवर धरला की जरीची तार आणि सुताची तार वेगळी दिसते, गिऱ्हाईक विचारतं तेव्हा पोत दाखवता येतो. पण ए५४ मध्ये होता तोच ए५५ मध्ये आहे, इथं एक पाऊलही पुढं गेलेलं नाही. लांबचं जवळ आणणारा वेगळा कॅमेरा दोन्हींत नाही.

बोलण्याचं सांगायचं तर, सहा माग चालू असताना खोलीत शेजारच्याचं ऐकू येत नाही. कॉल चालू असताना 'व्हॉइस फोकस' लावलं की समोरच्याला मागांचा खडखडाट कमी जातो. मी खोलीतच उभी राहून भाव सांगू शकते. ही सोय दोन्हींत आहे आणि तिच्यामुळं माझे दिवसाचे किती हेलपाटे वाचतात ते मलाच माहीत.

चिप बदलली आहे. ए५४ मध्ये ५ नॅनोमीटरचा एक्सिनोस १३८०, ए५५ मध्ये ४ नॅनोमीटरचा एक्सिनोस १४८०. गॅलरीत हजारो फोटो असताना व्हिडिओ कॉल चालू ठेवून मागची साडी शोधायची, मध्येच पैसे आले का बघायचं, हे ए५५ जास्त सहज करतो. मुलगा रविवारी गेम खेळतो आणि याच्यावरच खेळू दे म्हणतो, त्यावरून काय ते समजा.

बॅटरी दोन्हींत ५००० एमएएच आणि चार्जिंग २५ वॉट. खोक्यात चार्जर दोन्हींच्या नाही. वर्षभरानं आलेल्या फोनमध्ये इथं काहीच वाढवलं नाही हे मला पटलेलं नाही. पूर्ण भरायला दीड तासाच्या आसपास लागतो. लाइट येऊन जाऊन असली की हा वेळ लांब वाटतो. दिवस मात्र निघतो, सकाळी सातला काढलेला रात्री नऊपर्यंत.

जागेचा विचार घेण्याआधीच करा. दोन्ही फोनांत सिमचा ट्रे असा आहे की दुसऱ्या जागी एकतर दुसरं सिम बसतं नाहीतर मेमरी कार्ड. आमच्यासारख्यांकडं सहसा दोन सिम असतात, एक इथलं आणि एक महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकांना जुनं ठाऊक असलेलं. मग कार्डाला जागाच उरत नाही. ए५४ मी १२८ जीबीचा घेतला आणि वर्षाच्या आत फोटो पुसत बसले. ए५५ बाजारात आला तेव्हा १२८ चा ३९,९९९ आणि २५६ चा ४२,९९९ रुपयांना होता. वरचे तीन हजार मी आनंदानं दिले आणि अकरा महिन्यांत एक फोटो पुसलेला नाही.

भाषेचंही लिहायला हवं, कारण आपल्या भागात ते रोजचं आहे. फोन मराठीत आहे, कीबोर्डवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही ठेवलेत, स्पेसबारवर बोट फिरवलं की भाषा बदलते. सूत देणारे एक काका कन्नडमध्ये लिहितात, मी मराठीत, दोघांचंही भागतं. मामंजींच्या गावाकडच्या जमिनीची पहाणी, म्हणजे सातबाऱ्यासारखा उतारा, कन्नडमध्ये असते. पूर्वी ती घेऊन कुणाच्या तरी दारात जावं लागायचं. आता गूगल लेन्स कागदावर धरला की मराठी अक्षरं त्याच जागी उमटतात. माणसांची आणि शेतांची नावं तो कधी कधी शब्दशः फोडतो, त्यामुळं सही करण्याआधी जाणत्याकडून वाचून घ्यावंच. पण कागद कशाबद्दल आहे एवढं मामंजींना स्वतःला कळतं, आणि ते चष्मा लावून दोनदा वाचतात. याला ए५४ ही तेवढाच चालतो.

अपडेट चार अँड्रॉइड आवृत्त्यांचे आणि सुरक्षेचे पाच वर्षं, दोघांनाही. ए५४ मार्च २०२३ चा, ए५५ मार्च २०२४ चा, म्हणजे एकाचं २०२८ पर्यंत आणि दुसऱ्याचं २०२९ पर्यंत. ज्या फोनवरून पैशाची देवाणघेवाण होते त्याला हे वर्ष महत्त्वाचं. मार्च २०२५ मध्ये ए५६ आला, त्यात चार्जिंग ४५ वॉटचं झालं, अपडेट सहा वर्षांचे झाले, पण कार्डाची जागा काढून टाकली. आता नव्यानं घेणाऱ्यांनी हेही तोलून बघावं.

परवा वडगावच्या एका मागवाल्या ताईंनी विचारलं, साड्यांचे रंग नीट येत नाहीत, ए५४ देऊन ए५५ घेऊ का? त्यांना मी तो बल्ब आणि पांढरं कापड एवढंच सांगितलं. काल रात्री त्यांचा फोटो आला. चिंतामणी रंगाची साडी, हिरव्याची झाक जशीच्या तशी, ए५४ वरच काढलेला.