दसऱ्याला आणलेला रेकॉर्ड प्लेअर: दिवाळी, डिसेंबर आणि त्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो. पोळ्या लाटताना, इस्त्री करताना मागे गाणी सुरू असावीत एवढीच अपेक्षा असेल तर हे यंत्र घेऊ नका. त्यासाठी मोबाइल आणि एक बरा स्पीकर पुरतो. पण घरात कुणाच्या तरी जुन्या तबकड्या माळ्यावर पडून असतील, गाणं बसून ऐकायची सवय असेल आणि दर वीस-बावीस मिनिटांनी उठून बाजू पालटायचा कंटाळा येत नसेल, तर पुढचं वाचा. मी डोंबिवलीत राहतो, इमारत जुनी आहे, घरात माणसं भरपूर आहेत. हा सगळा अनुभव त्याच परिस्थितीतला आहे.

यंत्र बेल्टवर चालणारं, मिनिटाला ३३⅓, ४५ आणि ७८ फेरे अशा तिन्ही वेगांचं. किंमत वीस हजारांच्या आसपास. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण याच बांधणीची यंत्रं तीन-चार नावांनी मिळतात आणि गुणदोष थोड्याफार फरकाने सारखेच असतात. कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा आणि तिच्या थरथरीचा सिग्नल बनवणारा भाग, मात्र ऑडिओ-टेक्निका कंपनीचं व्हीएम९५ई आहे, आणि यंत्र निवडण्याचं निम्मं कारण तेच होतं. सुई दोन ग्रॅम भाराने चालते आणि झिजली की नुसती ओढून दुसरी बसवता येते. सुटकेससारख्या दिसणाऱ्या स्वस्त प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असतं, त्याचा भार पाच-सहा ग्रॅमपर्यंत जातो. दिवाणखान्यात ती पेटी छान दिसते, हे खरं. पण आजोबांची एकुलती एक तबकडी मी तिच्यावर लावणार नाही.

फोनो प्रीअँप यंत्रातच आहे. ज्यांनी हे प्रकरण कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सुईतून निघणारा सिग्नल चारेक मिलिव्होल्टचा, म्हणजे अगदी क्षीण असतो. शिवाय तबकडी कापताना खर्ज दाबलेला आणि वरचे सूर उचललेले असतात, नाहीतर खर्जाचे चर एकमेकांत घुसतील. वाजवताना ते सगळं उलटं करून मूळ जागी आणावं लागतं. ते काम प्रीअँपचं. माझ्या यंत्राच्या पाठीमागे एक बटण आहे, ते ‘लाइन’वर ठेवलं की कुठल्याही साध्या अँप्लिफायरला जोडता येतं. बाहेरचा वेगळा प्रीअँप घ्या असं दुकानदार सांगत होता. मी घेतला नाही आणि अजून उणीव जाणवलेली नाही.

जोडणीला एक संध्याकाळ जाते, ती द्यावीच. पाणसळ लावून यंत्र समतोल केलं, मागचं वजन फिरवून सुईचा भार छोट्या डिजिटल काट्यावर मोजून घेतला. त्याआधी आईने त्याला झेंडूची माळ घालून हळदकुंकू वाहिलं. प्लॅटरवर, म्हणजे तबकडी ठेवायच्या फिरत्या थाळीवर, अक्षता मात्र टाकू दिल्या नाहीत. खरा प्रश्न फरशीचा निघाला. पुतण्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत धावला की सुई टुणकन पुढच्या ओळीत. टेबलाखाली रबराचे तुकडे ठेवून काही होत नाही. स्वयंपाकघराच्या दुरुस्तीत निघालेला कडप्प्याचा तुकडा पडून होता, तो दोन लोखंडी ब्रॅकेटवर भिंतीला बसवला आणि यंत्र त्यावर ठेवलं. तेव्हापासून घरात लेझीम खेळलं तरी सुई हलत नाही. जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी महागड्या स्टँडवर पैसे घालण्याआधी हा उपाय करून बघावा.

हे यंत्र दिवाळीच्या तोंडावर आणण्याचा एक मोठा फायदा आहे: साफसफाई. नवरात्र संपलं की लोक माळे उपसतात आणि तबकड्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून खाली येतात. आमच्या मजल्यावरच्या एका मावशींनी ‘रद्दीत देणार होते, तुला चालतील का?’ म्हणून जो गठ्ठा दिला त्यात नाट्यसंगीत होतं, अभंग होते, दोन-तीन सनईच्या होत्या आणि एक इंग्रजी शिकवणारी तबकडीही होती. काही ट्रंकेखाली आडव्या ठेवल्यामुळे उन्हाळ्यात वाकल्या होत्या. तबकड्या नेहमी उभ्या ठेवाव्यात. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट इथेही जाऊन आलो. माझ्या अनुभवात दिवाळीनंतरच्या आठवड्यांत माल जास्त दिसतो आणि विक्रेता भावात थोडं ऐकतो. साध्या एलपी (३३⅓ वेगाच्या मोठ्या तबकड्या) तीनशे ते आठशेत मिळाल्या. ‘रेअर आहे साहेब’ म्हटलं की मी पुढच्या गाळ्यावर जातो. तबकडी उजेडात तिरकी धरून पाहावी. वरवरचा ओरखडा टिकटिक करतो, ते चालतं. पण चमक जाऊन राखाडी झाक आली असेल तर बोथट सुईने चर खरवडलेले असतात. ते धुऊन जात नाही. नव्या आयात एलपींना अडीच-तीन हजार मोजायची माझी तयारी नाही, त्या पैशांत पाच-सहा जुन्या येतात.

धुण्याची पद्धत प्रत्येकाची वेगळी. मी डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब आणि मऊ ब्रश वापरतो, मधल्या लेबलवर प्लास्टिकची झाकणी. व्हिनाइलवर बोटांचे चिकट डाग असतील तर पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल. जुन्या ७८च्या तबकड्यांना मात्र अल्कोहोल चुकूनही लावायचं नाही. त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

आता सणातल्या धुळीबद्दल. यंत्राचं पुस्तक लिहिणाऱ्याने रांगोळी पाहिलेली नसावी. रांगोळी म्हणजे दगडाचीच पूड. दारात ठिपके मोजून झाले की तीच बोटं, तेच कपडे आणि पंख्याचा वारा. सकाळी झाकण काढलं तर काळ्या तबकडीवर पांढरी झाक दिसायची, आणि त्यावरून सुई फिरवणं म्हणजे चराला पॉलिश पेपर लावणं. त्यात उदबत्तीची राख, फटाक्यांचा धूर. कार्बन फायबरचा ब्रश प्रत्येक बाजूआधी फिरवायचा आणि आठवड्यातून एकदा सुईवरची लोकरीसारखी गोळी मागून पुढे हलकेच काढायची, एवढं केलं की पुरतं. चिवडा आणि चकलीसाठी घरात एकच नियम केला: फराळाची ताटली हातात असेल त्याने आर्मला, म्हणजे सुईच्या दांड्याला, हात लावायचा नाही. नियम काकांनी सर्वांत आधी मोडला.

पहिल्या अंघोळीच्या पहाटे हे यंत्र पैसे वसूल करून गेलं. आमच्याकडे त्या दिवशी नरकासुरवधाचं कीर्तन रेडिओवर लागायचं, मग उटणं, कारेटं, फराळ आणि सातच्या सुमारास सगळी तरुण मंडळी नटूनथटून फडके रोडला. या वर्षी रेडिओनंतर ललत रागाची एक एलपी लावली, आवाज अगदी बेताचा. एकजण न्हाणीघरात, एकजण केस पुसत, आई दिव्यात तेल घालतेय, आणि विलंबित चाललंय. मोबाइलवर हेच असतं तर दोन मिनिटांत कुणीतरी ‘दुसरं लाव ना’ म्हणालं असतं आणि दुसरं लागलंही असतं. इथे सुई उचलून पुढे टाकायला कुणी धजावत नाही. बाजू संपली की ती पालटायला कुणीतरी उठायचं, आणि उठणाऱ्यालाच पुढची तबकडी निवडायचा हक्क. यावरून भाऊबीजेपर्यंत रोज वाद झाले. आत्तेबहिणीने सलग तीन बाजू नाट्यपदं लावली, तेव्हा पुतण्याने संपावर जायची धमकी दिली. गाण्यावरून घरात असा वाद मी बऱ्याच वर्षांनी ऐकला.

आता तक्रारी. यंत्रात ऑटो-स्टॉप आहे, म्हणजे आर्म मध्यापाशी आला की मोटर थांबते. कल्पना चांगली. पण आपल्याकडच्या शास्त्रीय एलपींवर एकेका बाजूला पंचवीस मिनिटांहून जास्त गाणं कोंबलेलं असतं आणि चर लेबलपर्यंत जातात. परिणाम असा की द्रुत ऐन रंगात आली, तान समेकडे निघाली आणि यंत्राने दिवा मालवला. सुदैवाने खाली बारीक खटका आहे, त्याने ऑटो-स्टॉप बंद करता येतो. तसा तो बंद केला, आता बाजू संपल्यावर स्वतः उठावं लागतं. शेवटच्या भागात आवाज थोडा चिरकतो तो यंत्राचा दोष नाही. फेरे तेवढेच, पण आतल्या वर्तुळाचा घेर लहान, म्हणून सुईखालून सरकणारी लांबी कमी पडते.

दुसरी तक्रार वेगाची. काही दिवस ऐकल्यावर सगळेच गवय्ये जरा चढे वाटायला लागले. तंबोरा लावून तपासण्यात अर्थ नव्हता, कारण मूळ ध्वनिमुद्रणाची पट्टी नक्की कोणती होती ते सांगता येत नाही. फोनवर फेरे मोजायचं ॲप असतं, ते सुरू करून फोन प्लॅटरच्या बरोब्बर मध्यावर ठेवला. आकडा आला ३३.८. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हिशोब केला तर सा आणि कोमल रे यांच्यातल्या अंतराच्या जवळजवळ पाव हिस्सा फरक होतो. कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला, ‘माणूस पाठवतो’ म्हणाले, माणूस आला नाही. अखेर मोटरखालच्या छिद्रातून बारीक पेचकस घालून स्क्रू किंचित फिरवला, आकडा ३३.३ वर आला आणि तिथेच राहिला आहे. ज्यांना स्वरांशी घेणंदेणं आहे त्यांनी खरेदी केल्याच दिवशी हे मोजावं.

डिसेंबरात पुण्याला सवाईला, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला, गेलो होतो. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा महोत्सव एकेकाळी रात्रभर चालायचा, आमचे काका रजई घेऊन जायचे. ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आल्यापासून मैफली दुपारीच सुरू होतात. नियमाबद्दल तक्रार नाही, मंडपाशेजारी राहणाऱ्यांनाही झोप लागते. पण मध्यरात्रीनंतरचे राग मध्यरात्रीनंतर ऐकायची सोय त्यात गेली. सवाईहून परतल्यावर नाताळच्या सुट्टीत मी ती घरी करून घेतली: सगळे झोपले की हेडफोन, दिवा बंद, आधी दरबारी, मग अडाणा, आणि जागं राहवलं तर सोहनी. एका रात्री अब्दुल करीम खाँसाहेब, मग सवाई गंधर्व, मग भीमसेन असे गुरु-शिष्यांच्या क्रमाने लावले. पहिल्या दोघांच्या ७८ वरून नंतर काढलेल्या एलपी आहेत. तीन मिनिटांत अख्खा राग उभा करायची त्यांना सक्ती होती, आणि नातशिष्याला बाजूभर मोकळीक. हा फरक असा पाठोपाठ ऐकताना फार स्पष्ट होतो.

सुट्टीत पुतण्याला सांगायला एक खास गोष्ट होती. १९७७ साली सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे आणि तिच्यात गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. सोबत कार्ट्रिज आणि सुईही पाठवली आहे, कव्हरवर वाजवायची रीत कोरलेली. पोराने लगेच विचारलं, ती आपल्याकडे वाजेल का? नाही वाजणार. तिचा वेग १६⅔, आपलं यंत्र ३३⅓ च्या खाली उतरत नाही. परग्रहावरच्यांकडे चौथ्या वेगाचं बटण असावं अशी आशा करू.

आपल्या ७८च्या तबकड्या तरी वाजतात का, तर वेग आहे, सुई नाही. त्यांचे चर एलपीच्या चरांपेक्षा बरेच रुंद असतात. एलपीची सुई तळाशी घसरत राहते आणि खरखर वाढते. याच कार्ट्रिजच्या मालिकेत ७८ साठी वेगळी जाड सुई मिळते, पाच ग्रॅम भाराची. म्हणजे दर वेळी सुई बदला, मागचं वजन फिरवा, पुन्हा काट्यावर मोजा. मावशींच्या गठ्ठ्यातल्या ७८ तोवर कपाटात उभ्या आहेत.

किरकोळ गोष्टी: झाकणाची एक बिजागरी सैल झाली आहे. ब्लूटूथ आहे, पण मी दोनदा वापरून सोडून दिलं. तबकडी लावायची आणि शेवटचं अंतर पुन्हा डिजिटल करून पाठवायचं, हे माझ्या पचनी पडत नाही. अधूनमधून घुमणारी ‘हूं’ पाठीमागची अर्थिंगची वायर अँप्लिफायरच्या स्क्रूला घट्ट बसवल्यावर गेली. लंबवर्तुळाकार सुईचं आयुष्य कंपनी सुमारे तीनशे तास सांगते. सणाच्या दिवसांत आमच्याकडे ते झपाट्याने खर्च झालं, त्यामुळे गुढीपाडव्यापर्यंत नवी सुई लागेल असा अंदाज आहे. यंत्र घेताना हा खर्च धरूनच अंदाजपत्रक करा, आणि ७८ ऐकणार असाल तर दोन सुयांचा.