टिळकवाडीतील लेखापालांची ईसॉप हिशेब सेवा : एक अभिप्राय

शेअर बाजारात उतरण्याच्या तयारीत असलेल्या आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतील कंपनीने कर्मचाऱ्यांच्या स्टॉक ऑप्शनचा (ईसॉप, म्हणजे ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क) हिशेब टिळकवाडीतील एका सनदी लेखापाल कार्यालयाकडून करून घेतला आणि काम चोख झाले. तिजोरीतून पैसा जात नसताना खर्च कसला, हा आमच्या संचालकांचा आक्षेप त्यांनी पूर्ण ऐकून घेतला. मग इंड एएस 102 या भारतीय लेखा मानकानुसार ऑप्शन दिल्या दिवशीचे रास्त मूल्य नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून दाखवावेच लागते, हे आकडे मांडून मराठीतून समजावले. 12 लाख रुपये मूल्याचे ऑप्शन चार वर्षांत दरवर्षी एक चतुर्थांश या प्रमाणात हक्काचे होणार असतील, तर पहिल्या वर्षी 3 नव्हे, 6.25 लाखांचा खर्च पडतो, कारण प्रत्येक हप्ता त्याच्या स्वतःच्या मुदतीवर विभागला जातो. शेअर विक्रीच्या माहितीपत्रकात तीन वर्षांची आर्थिक विवरणे द्यावी लागत असल्याने, शेअर बाजारातील नोंदणीच्या तोंडावर सढळ हाताने ऑप्शन वाटणाऱ्या कंपनीचा तोटा गुंतवणूकदार पाहत असतानाच फुगतो. पेटीएमने हा खर्च वगळून काढलेला नफ्या-तोट्याचा आकडाही जाहीर केलेला आहे, असे त्यांनी सांगितले. मला ती पळवाट वाटते, कारण जुन्या भागधारकांचा हिस्सा त्यामुळे घटायचा राहत नाही.

उणीव एकच : रास्त मूल्य काढताना धरलेले शेअरच्या भावातील चढउताराचे गृहीतक कोणत्या सूचीबद्ध कंपन्यांवरून घेतले, हे अहवालात नव्हते, विचारल्यावर त्यांनी ते परिशिष्टात जोडून दिले. शुल्क पुण्यातील दरपत्रकापेक्षा कमी होते.