गाळ जाळायच्या भट्टीचं नवं इलेक्ट्रिकल काम: नऊ महिन्यांचा अनुभव

ओहायोतल्या एका सांडपाणी केंद्रात मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. आमची भट्टी मल्टिपल हार्थ: एकावर एक मजले, मधोमध फिरता शाफ्ट, त्याचे हात गाळ ढकलत खाली नेतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, 2011 मध्ये उत्सर्जनाचे नियम कडक केले. धूर पाण्याने धुणाऱ्या नव्या स्क्रबरमधून तो ओढायला जास्त जोर लागतो, म्हणून ओढणारा पंखा, आयडी फॅन, मोठा. फॅन मोठा म्हणून 480 व्होल्टची पॅनेलंही नवी.

या फॅनचा वेग कमीजास्त करणाऱ्या ड्राइव्हवर, व्हीएफडीवर, मी खूश आहे. ड्राफ्ट, म्हणजे भट्टीतली ओढ, एका जागी राहतो, रात्रपाळीच्या ऑपरेटरची डॅम्परशी, धुराच्या वाटेतल्या झडपेशी, झटापट संपली. जनरेटरवर काय घ्यायचं हेही नीट ठरवलंय. शाफ्टची मोटर आणि त्याला थंड हवा देणारा पंखा दोन्ही त्यावर आहेत. तापलेल्या भट्टीत शाफ्ट थांबला की हात वाकतात, हे डिझायनरला पक्कं माहीत होतं.

घोळ झाला तो अर्ध्या सेकंदाचा. पहिल्या मोठ्या वादळात लाइट गेलेच नाहीत, नुसते मिचकले. तेवढ्यात व्होल्टेज कमी पडलं म्हणून ड्राइव्ह ट्रिप, ड्राफ्ट गेला, इंटरलॉकने, म्हणजे आपोआप बंद करणाऱ्या सुरक्षा-साखळीने, बर्नर बंद केला आणि बायपास डॅम्पर उघडला. धूर स्क्रबरला वळसा घालून थेट वर. गाळ आत जात असताना बायपास उघडला की तो नियमभंग धरतात, म्हणजे नोंद आणि अहवाल आलाच. शिवाय पर्ज केल्याशिवाय, म्हणजे हवा सोडून आतला वायू बाहेर काढल्याशिवाय, बर्नर पेटवता येत नाही. गाळ पुन्हा सुरू व्हायला चार तास गेले. जुनी मोटर एवढा डिप, म्हणजे व्होल्टेजची क्षणभराची घसरण, फॅनच्या वजनावर सहज निभावून न्यायची. डिझाइनच्या बैठकांत पूर्ण अंधाराची चर्चा तासन् तास झाली, डिपचं नावही निघालं नाही. मीही तिथेच बसलो होतो, आणि लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या माणसाला तरी हे सुचायला हवं होतं.

मग सेटिंग्ज उघडून बसलो. फिरता फॅन पकडून पुन्हा वेग देण्याची सोय, फ्लाइंग स्टार्ट, ड्राइव्हमध्ये होतीच, पण बंद ठेवलेली. इंटरलॉकच्या रिलेंचा 120 व्होल्टचा सप्लायही ड्राइव्हच्याच पॅनेलच्या बसवरून (मुख्य पट्टीवरून) होता. तो यूपीएसवर नेला. लो-ड्राफ्ट ट्रिपला दोन सेकंदांचा अवधी दिला, तोही भट्टीवाल्यांची लेखी मंजुरी आल्यावरच. ज्योत विझली की इंधन तोडणाऱ्या फ्लेम सेफगार्डला हात लावला नाही, कुणी लावूही नये. त्यानंतर तीन डिप आले. दोनदा भट्टी टिकली. तिसऱ्यांदा स्क्रबरच्या पंपाचा साधा कॉन्टॅक्टर (मोटरचा चुंबकी स्विच) सुटला, पाणी थांबलं आणि पुन्हा तेच रामायण. तो पंप आमच्या यादीतच नव्हता.

धुरातले बारीक कण विजेने पकडणाऱ्या वेट ईएसपीच्या चाव्यांचा इंटरलॉक किचकट आहे, पण आत कित्येक हजार व्होल्ट असतात, त्यामुळे तक्रार नाही. इन्सुलेटरवर गरम हवा सोडणारा हीटर मात्र रोज बघा. तो गेला की ओल धरते आणि स्पार्किंग सुरू होतं.

राहिला हायड्रोजन सल्फाइड. ड्राइव्हची कार्डं कोटिंगवाली घेतली, खोलीत गाळलेली हवा दाबाने सोडली, तरी सहा महिन्यांत अर्थिंगची तांब्याची पट्टी काळी पडली. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. त्या खोलीत एसी छान लागतो, म्हणून दाराखाली लाकडाचा गुटका सारलेला असायचा. गुटका मी काढून टेबलाच्या खणात ठेवला. काल गेलो तर दाराला दुसरा होता.