नळीचा दोष काडतुसावर, काडतुसाचा दोष नळीवर : पहिली पॉइंट टू-टू घेताना झालेली फसवणूक

सांगलीत राहून पन्नास मीटर रायफल नेमबाजी सुरू करणाऱ्याला स्वतःची पहिली ०.२२ रायफल बहुधा वापरलेलीच घ्यावी लागते. परदेशी रायफल आयात करण्याची सवलत नामांकित नेमबाजांपुरती असल्याने ब्रनो, बीएसए अशा जुन्या बनावटीच्या रायफली वर्षानुवर्षे एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर चढत राहतात. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवल्यापासून आमच्या भागातले अनेक पालक मुलांसाठी अशा रायफलीची चौकशी करताना दिसतात. माझ्या बाबतीत जी युक्ती वापरली गेली, ती त्यांच्यावरही सहज चालू शकेल, म्हणून ती तपशिलाने लिहीत आहे.

विक्रेता शेजारच्या जिल्ह्यातला, रीतसर परवाना असलेला होता. त्याने माझा शस्त्र परवाना तपासला, रायफलीचा क्रमांक परवान्यावर नोंदवला आणि पावती दिली. या बाबतीत बोट ठेवायला जागा नव्हती. रायफलीच्या नळीला नुकताच काळा मुलामा दिलेला होता आणि दस्ता पॉलिशने चकाकत होता. "साहेब, एका डॉक्टरांची आहे. वर्षाकाठी एक पेटीसुद्धा उडाली नाही," असे सांगून त्याने बोल्ट, म्हणजे नळीची मागची बाजू बंद करणारा सरकता दांडा, काढला, मागून बॅटरी धरली आणि मला तोंडाच्या बाजूने नळीत पाहायला लावले. आतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या चरी, खरोखरच स्वच्छ आणि धारदार होते. दोष होता तो चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेच्या, काठावर, आणि त्या बाजूने पाहणाऱ्याला तो काठ नीट दिसतच नाही.

०.२२ चे काडतूस रिमफायर प्रकारचे असते. रिमफायर काडतुसात पेटणारे मिश्रण बुडाच्या कडेत, म्हणजे पितळी पुंगळीच्या घडीत भरलेले असते, आणि फायरिंग पिन त्या कडेला चेंबरच्या काठावर चेपून ठिणगी पाडते. काडतूस न भरता चाप वारंवार ओढला, तर काही रायफलींत पिनचा घाव थेट चेंबरच्या काठावर बसतो, तिथे खाच पडते आणि धातूचा कंगोरा आत सरकतो. मग कडेला खालून आधार राहत नाही, त्यामुळे काडतूस फुसके निघते. जे उडते त्याची पुंगळी कंगोऱ्याला अडकून बाहेर यायला कुरकुरते. माझ्याकडे नेमके हेच होऊ लागले.

तक्रार केल्यावर विक्रेत्याने क्षणाचाही विलंब न लावता काडतुसांना दोष दिला. "ही हलकी काडतुसं आहेत, एवढ्या नाजूक रायफलीला मॅचचीच लागतात," असे म्हणून त्याने एका प्रसिद्ध परदेशी कंपनीच्या नावाच्या पेट्या दुपटीहून अधिक दराने दिल्या. त्यांनीही काडतुसे फुसकी निघणे थांबले नाही, वर गोळ्यांचा विखुरही वाढला. तेव्हा त्याचे उत्तर बदलले: पेट्या अस्सल आहेत, रायफलीला सर्व्हिसिंग हवे, त्याचे वेगळे पैसे पडतील. दोन्ही वस्तू एकाच माणसाकडून घेतलेल्या असल्या की तो एकीचा दोष दुसरीवर ढकलत किती काळ कमाई करू शकतो, हे पाहून मला संतापाइतकेच त्याच्या हुशारीचे आश्चर्य वाटले.

हा गुंता पुण्यात, म्हाळुंगे-बालेवाडीच्या रेंजवर एका अनुभवी प्रशिक्षकांनी सोडवला. त्यांनी एकाच वेळी दोन उलट चाचण्या घेतल्या: क्लबची खात्रीची काडतुसे माझ्या रायफलीतून आणि माझी काडतुसे क्लबच्या निर्दोष रायफलीतून. पहिल्या चाचणीत फुसकी काडतुसे निघाली, म्हणजे रायफल सदोष. दुसरीत एकही फुसके निघाले नाही, पण गोळ्या उंचीला वर-खाली पसरल्या, म्हणजे पेटीतला मालही सांगितलेला नव्हता. (फुसके काडतूस निघाल्यावर नळी लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबल्याशिवाय बोल्ट उघडू नये, कधी कधी ते उशिरा पेटते.)

त्यानंतर पेट्या कागदावर ओतून पाहिल्या. एका पेटीतल्या पन्नास काडतुसांच्या बुडांवर दोन वेगवेगळी चिन्हे होती, आणि ती एकाच पेटीत, एकाच लॉटमध्ये (एका वेळी बनवलेल्या मालात) असणे शक्य नाही. स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतुसाची साधारण २.६ ग्रॅमची शिशाची गोळी सेकंदाला ३२० ते ३३० मीटर वेगाने, म्हणजे ध्वनीच्या सुमारे ३४० मीटर वेगाखालीच सुटते; हाय व्हेलॉसिटीची ३७० च्या पुढे सुटते आणि वाटेत ध्वनीच्या वेगाखाली येताना डळमळते. पन्नास मीटरवरच्या नेमबाजीला म्हणूनच पहिला प्रकार लागतो. माझ्या पेट्यांत दोन्ही मिसळलेले होते, आणि महागडा होता तो फक्त पुठ्ठा.

एका जाणकार गनस्मिथने भिंगाखाली चेंबरवरची खाच दाखवली. मुलामा देणाऱ्याने बोल्ट खोललेला असणार, तेव्हा ती त्याच्या नजरेतून सुटली असेल यावर माझा विश्वास नाही. ती काढता येते, पण ते काम चेंबरच्या मापाचे विशेष हत्यार असलेल्यानेच करावे. कानशीने घासली तर रायफल कायमची बाद होते.

रायफल परत घ्यायला विक्रेत्याने नकार दिला तो याच भरवशावर, की परवान्यावर चढलेले शस्त्र मिक्सरप्रमाणे काउंटरवर ठेवून पैसे मागता येत नाहीत. त्याला परवाना प्राधिकाऱ्याकडची प्रक्रिया लागते आणि तोवर ग्राहक थकतो. खासगी परवानाधारकाकडून घ्यायची झाल्यास, १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार विकणाऱ्याने किमान ४५ दिवस आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते. तो काळ तपासणीसाठी वापरता येतो. दुकानात मात्र नोंद होण्यापूर्वीच आपल्या ओळखीच्या गनस्मिथला सोबत नेऊन बोल्ट काढलेल्या अवस्थेत चेंबरचा काठ पाहून घ्यावा, आणि विक्रेता त्याला आडकाठी करत असेल तर तिथूनच निघावे.

काडतुसांच्या पावतीवर कंपनी, प्रकार आणि प्रत्येक पेटीचा लॉट क्रमांक लिहून घ्यावा. माझ्या पावतीवर केवळ ".२२ काडतुसे" एवढेच होते, त्यामुळे पेट्यांबद्दलची बाजू आजही लंगडी आहे. रायफलीबद्दल मात्र गनस्मिथचा लेखी अहवाल, छायाचित्रे आणि बालेवाडीचे लक्ष्यकागद जोडून सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. २०१९ च्या कायद्यानुसार त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. विक्रेत्याने आपल्या उत्तरात सगळा दोष काडतुसांवर टाकला आहे.